देश सगळ्यात शेवटी ठरवा

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना लागतो, मग बेलवाडी आणि पुढे लासुर्णे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला हा पट्टा. रानात ऊस, द्राक्ष, डाळिंब आणि दारात दोन-चार संकरित गाई. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्यानं पंढरपूरला जाते, त्यामुळे पायी प्रवासाचं नियोजन इथल्या म्हाताऱ्या माणसांनाही तोंडपाठ असतं. विमानाचा प्रवास मात्र अजून बऱ्याच घरांना दुसऱ्याच्या तोंडूनच माहीत आहे.

अशा गावांतून परदेशी जातं कोण? शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं, अभ्यास दौऱ्यावर गेलेले बागायतदार, आणि खत-औषधांच्या कंपन्यांचं टार्गेट पूर्ण करून बँकॉक नाहीतर दुबई बघून आलेले कृषी सेवा केंद्रवाले. यातल्या बहुतेक सहलींत बायको घरी राहते, कारण फुकटचं तिकीट एकाचंच असतं. नवरा-बायको दोघांनी, स्वतःच्या पैशानं, पहिल्यांदा परदेश बघायचा म्हटलं की बोलणं पहिल्याच प्रश्नाला अडतं: कुठं जायचं? एक जण म्हणतो सिंगापूर, दुसरं म्हणतं बाली, मुलगी मोबाईलवर स्वित्झर्लंडचं रील दाखवते. मग कुणीतरी खर्च विचारतं आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

हात आखडता असेल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी तारखा, मग कागदं, मग रक्कम. या तीन चाळण्यांतून जे दोन-तीन देश खाली उरतात, त्यांतला एक निवडायचा. खर्च आटोक्यात राहतो तो या क्रमामुळे. देश आधी ठरवला की बाकी सगळं त्याच्यामागं फरपटत जातं आणि बजेट तिथंच फुटतं.

घर कधी मोकळं असतं?

नोकरदाराला रजा मागावी लागते. शेतकऱ्याला रजा पीक देतं. द्राक्षबाग असेल तर जानेवारी ते एप्रिल माल काढणीचा, लगेच खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. फळछाटणीनंतरचे दोन-अडीच महिने फवारण्यांचे. ढगाळ हवा आली की डाऊनी रोग कधी पडेल सांगता येत नाही, त्या दिवसांत बागेवरून हलायचं नाव कुणी काढत नाही. आगाप छाटणी करणाऱ्यांना हे सगळं आणखी अलीकडे येतं. ऊसवाल्याचं गणित वेगळं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, आणि दिवाळीपासून पुढे ऊसतोडीची टोळी कधी येईल, तोड कधी बसेल याची वाट. शिवाय दारात दुभती गाय असेल तर बारा महिने एकच प्रश्न: सकाळ-संध्याकाळ धार कोण काढणार?

म्हणून कॅलेंडर घेऊन दोघांनी बसावं आणि आठ दिवसांच्या अशा फटी शोधाव्यात, जेव्हा बागेला आपली गरज कमी आहे आणि गोठा सांभाळायला भाऊ, मेहुणा किंवा शेजारी तयार आहे. या भागात अशी फट बहुतेकदा जून ते सप्टेंबरमध्ये निघते. यात तुमचा फायदाच आहे. डिसेंबर-जानेवारी, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी ही विमान कंपन्यांच्या सुगीची वेळ. पावसाळ्यात आणि पितृपंधरवड्यात आपल्याकडची गर्दी ओसरते, तिकिटं आणि खोल्या दोन्ही उतरतात.

पण पावसाळा स्वस्त असतो तो काहीतरी कारणानंच. थायलंडमध्ये फुकेतच्या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात. त्याच देशातल्या पूर्वेकडच्या, सामुई बेटाच्या बाजूला मात्र जून ते ऑगस्टमध्ये पाऊस त्या मानानं कमी आणि मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. इंडोनेशियातल्या बालीचा कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर, म्हणजे नेमका आपला पावसाळा. श्रीलंकेत नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबोच्या बाजूला पडतो, तेव्हा पूर्वेचा त्रिंकोमालीचा किनारा कोरडा असतो. नेपाळात जुलै-ऑगस्ट म्हणजे दरडींचा काळ, तेव्हा डोंगरातल्या रस्त्यांवर जाऊच नये. तारखा हातात आल्या की निम्मे देश असे आपोआप गळतात.

कागदं: सगळ्यात कमी खर्च, सगळ्यात जास्त वेळ

नवीन ३६ पानी पासपोर्टची साधी फी माणशी १,५०० रुपये, म्हणजे दोघांचे ३,०००. तत्काळला प्रत्येकी २,००० जास्त. पासपोर्ट दहा वर्षं चालतो. अर्ज 'पासपोर्ट सेवा'च्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. सारख्या नावाच्या खासगी साइट आहेत, त्या जास्तीचे पैसे घेतात. पत्ता शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असा आहे ना, हे बघूनच पैसे भरावेत. अपॉइंटमेंट पुण्यात मुंढव्याच्या केंद्रात मिळते, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही मिळते. जिथली तारीख लवकर, तिथली घ्यावी. नंतर पोलीस पडताळणी स्थानिक ठाण्याकडून होते.

खरी अडचण फीची नसते, नावाची आणि जन्मतारखेची असते. महाराष्ट्रातल्या एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकली. दाखल्यावर १ जून, आधारवर वेगळीच तारीख, पॅनवर तिसरी, अशी माणसं कुठल्याही वाडीवर सापडतील. बायकांच्या बाबतीत नावाचा घोळ असतो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मतदार कार्डावर टोपणनाव. पासपोर्टसाठी लग्नानंतरचं नाव लावलंच पाहिजे अशी सक्ती नाही. माहेरच्या नावावरही पासपोर्ट निघतो. पण जे नाव लावाल ते सगळ्या कागदांवर एकसारखं हवं. ही दुरुस्ती करायला कधीकधी महिने जातात, म्हणून हे काम बाकी काही ठरायच्या आधी सुरू करायचं.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येऊ शकतो. तो बघून काही जण घाबरतात. हा नियम ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. त्या यादीत थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिरातीही आहेत. पर्यटनाला त्यानं आडकाठी येत नाही. फक्त परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवावं, विमानतळावर विचारतील तेव्हा दाखवता येतं. वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा आयकर भरत असाल तर हा शेरा टाळताही येतो.

आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. बहुतेक देश पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक मागतात.

रक्कम आधी, स्वप्न नंतर

कोचीतले विजयन आणि मोहना हे जोडपं 'श्री बालाजी कॉफी हाऊस' नावाचं छोटं चहाचं दुकान चालवायचं. रोजच्या गल्ल्यातून ३०० रुपये बाजूला, कमी पडले की कर्ज, फिरून आलं की पुढची काही वर्षं ते फेडायचं, अशा रीतीनं २००७ पासून दोघांनी २६ देश पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये विजयन गेले, त्याच्या थोडेच दिवस आधी दोघं रशियाला जाऊन आले होते. त्यांची गोष्ट ऐकून लोक म्हणतात, कर्ज काढून जायला काय हरकत आहे? हरकत एकच आहे. चहाच्या दुकानात रोज रोकड येते. उसाच्या घरात ती वर्षातून एकदा-दोनदा येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे देण्याचा नियम असला, तरी बिल नेमकं कधी जमा होईल यावर कुणी तिकीट काढू नये. त्यांचं कर्ज सोडून द्यावं, रोजचे ३०० रुपये मात्र उचलावेत.

आपल्याकडे रोजच्या गल्ल्याच्या सगळ्यात जवळ येतो तो दुधाचा पगार. डेअरीकडून दर दहा दिवसांनी जमा होणाऱ्या पैशातून १,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकले, तर वर्षात ३६ हप्ते, तीन वर्षांत १ लाख ८ हजार. दीड हजार टाकले तर तेवढेच दोन वर्षांत. एवढ्यात दोघांचं काय होतं? सहा रात्री-सात दिवसांच्या थायलंडच्या सहलीचा अंदाज मांडून बघू. बाट सावधगिरीनं तीन रुपयांना धरला आहे.

गर्दी नसलेल्या काळातली मुंबई-बँकॉक जाऊन-येऊन दोन तिकिटं, सामानासकट: ४०,००० रुपये.
साध्या पण स्वच्छ खोल्या, सहा रात्री, रोजचे २,०००: १२,०००.
दोघांचं खाणं-पिणं, रोजचे ६०० बाट: १२,६००.
तिथला प्रवास, रोजचे ३०० बाट: ६,३००.
प्रवेशतिकिटं आणि एखादी दिवसभराची सहल, ५,००० बाट: १५,०००.
दोघांचा प्रवास विमा: १,५००.
गाव ते मुंबई आणि परत: ४,०००.
पासपोर्ट: ३,०००.

बेरीज ९४,४००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी ठेवले की १ लाख ४ हजारांच्या आसपास. भाव बदलतील, विनिमय दर बदलेल, पण मांडणी हीच राहील. या हिशेबाकडे नीट पाहिलं तर दिसेल की विमानाच्या तिकिटाहून बाकीच्याच गोष्टींचा खर्च जास्त आहे. लोक तिकिटावर दोन हजार वाचवायला रात्र-रात्र मोबाईल चाळतात, आणि तिथं गेल्यावर रोज टॅक्सीत तेवढेच घालवतात.

आता देश

तारखा आणि रक्कम ठरली, की व्हिसाचा खर्च बघायचा. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. दोघांचे १८० युरो अर्जातच जातात आणि अर्ज नाकारला तरी परत मिळत नाहीत. पहिल्या, काटकसरीच्या सहलीसाठी युरोप म्हणूनच बाजूला ठेवलेला बरा.

सगळ्यात स्वस्त परदेश म्हणजे नेपाळ. भारतीयांना व्हिसा नाही, पासपोर्टही लागत नाही, निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड चालतं. विमानानं जाताना मात्र नुसतं आधार कार्ड दाखवून भागत नाही. पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सुनौली, आणि पायी सीमा ओलांडली की भैरहवा. लुंबिनी तिथून जवळच, मग पोखरा, काठमांडू, पशुपतिनाथ. एका भारतीय रुपयाला १ रुपया ६० पैसे नेपाळी हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशेबही सोपा. फक्त गाडीतच जाता-येता तीन-चार दिवस मोडतात. ज्यांना आठच दिवस मिळतात त्यांना ते परवडत नाही.

भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार कार्ड चालतं, चलनाचा दर आपल्या रुपयाबरोबर एकास एक, आणि यूपीआय चालतं. पण भारतीयांना दर रात्रीमागं माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. पाच रात्रींचे दोघांचे १२,००० तिथंच गेले. शिवाय बागडोगऱ्यापर्यंतचा देशांतर्गत प्रवास वेगळा.

थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गाचा पहिला परदेश तेव्हापासून बराचसा तिकडं सरकला. अशा सवलती सरकारं वाढवतात तशी काढूनही घेतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर नियम पुन्हा बघावा. व्हिसा नसला तरी दोन्ही देशांसाठी प्रवासाआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट असतं. त्यासाठी पैसे मागणारी साइट बनावट समजावी. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, बालीला आगमनावर मिळणारा व्हिसा पाच लाख इंडोनेशियन रुपयांचा, आणि त्यावर फेब्रुवारी २०२४ पासून बाली बेटाचं दीड लाखाचं वेगळं शुल्क. आकडे ऐकून दचकू नये, तिथला रुपया फार हलका आहे. तरी दोघांचे मिळून काही हजार होतातच.

क्वालालंपूरजवळच्या बटू गुंफांत मुरुगनाची ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती २००६ पासून उभी आहे. पायथ्याशी जाऊन ती बघायला काही मोजावं लागत नाही. बँकॉकचा राजवाडा बघायला मात्र माणशी ५०० बाट. दोघांचे हजार, म्हणजे जवळपास तीन हजार रुपये. तिथं खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत, म्हणजे साडी नाहीतर पंजाबी ड्रेस उत्तम. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात जायला रेल्वे आहे, तिचं तिकीट जास्तीत जास्त ४५ बाट. तेवढ्याच अंतराला टॅक्सीवाला कित्येक पट घेतो. खोली घेताना ती या रेल्वेच्या किंवा मेट्रोच्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर घेतली, की रोजचा टॅक्सीचा खर्च मुळातच उरत नाही. दूरची खोली तीनशे रुपयांनी स्वस्त वाटते आणि सहाशे रुपयांनी महाग पडते.

माळकरी किंवा शाकाहारी जोडप्यानं एक गोष्ट लक्षात ठेवावी. थायलंडमध्ये नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही, भाजीत माशांचा सॉस बिनदिक्कत पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली खानावळ शोधावी. तिथं मांस-मासे-अंडी नसतातच, कांदा-लसूणही नसतो. वारकऱ्याला याहून जास्त काय हवं?

तिकीट काढताना

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी विमानं मोजक्याच ठिकाणी जातात, मुंबईहून पर्याय पुष्कळ. दोन्हीकडचं भाडं बघताना गाव ते विमानतळ हा खर्चही मिळवावा. बारामतीहून स्वारगेटची आणि पुढे मुंबईची एसटी घेतली, तर बाईचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं आहे. दोघांचं भाडं दीड माणसाचं होतं.

मुंबईहून निघणारी बरीच परदेशी विमानं मध्यरात्रीनंतरची असतात. तिकिटावर १५ तारीख, रात्री १२ वाजून ४० मिनिटं असं लिहिलेलं असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री साडेनऊला पोहोचायचं असतं. १५ च्या संध्याकाळी निघालात तर विमान जाऊन जवळपास एक दिवस झालेला असतो आणि पैसे बुडतात. तिकीट हातात आलं की पहिल्यांदा ही तारीख दोघांनी मोठ्यानं वाचावी आणि कॅलेंडरवर निघायची रात्र लिहावी.

स्वस्त विमान कंपन्यांच्या भाड्यात बऱ्याचदा फक्त ७ किलोची हातातली बॅग धरलेली असते. मोठ्या बॅगेचे पैसे तिकिटाबरोबरच भरले तर कमी पडतात, काउंटरवर गेल्यावर दुपटीच्या पुढे जातात. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर हवं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये येतं, तिकिटाच्या पहिल्या रकान्यात ती दोन्ही नावं तशीच टाकायची. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्त तिकिटं जोडून जाणार असाल, तर मधल्या देशात सामान घेऊन बाहेर यावं लागतं. तिथला व्हिसा लागतो का, हे आधी बघावं.

पैसे कसे न्यायचे, बॅगेत काय न्यायचं

रोख डॉलर किंवा बाट बँकेतून अथवा अधिकृत विदेशी चलन विक्रेत्याकडूनच घ्यावेत, पावतीसह. विमानतळावरच्या काउंटरचा दर सहसा सगळ्यात वाईट. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला बँका दोन ते साडेतीन टक्के जादा लावतात, थायलंडच्या एटीएमला दर वेळी सुमारे २२० बाट वेगळे लागतात. पैसे काढायचेच तर थोडे-थोडे न काढता एकदाच काढावेत. दुकानात कार्ड घासल्यावर मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की बाटमध्ये? रुपये ओळखीचे म्हणून लोक ते निवडतात आणि वाईट दरात अडकतात. नेहमी तिथल्याच चलनात द्यावेत.

विम्याचे हजार-दीड हजार वाचवू नयेत. फॉर्मात साखर, रक्तदाब असेल तर तसं स्पष्ट लिहावं, लपवलं तर दावा नाकारला जातो. बेटावर स्कूटर भाड्यानं घेणार असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो एक वर्षाचा असतो आणि आपल्याकडे एमएच-४२ च्या, म्हणजे बारामतीच्या आरटीओकडून निघतो. मूळ फी १,००० रुपये. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

खाण्याचं सामान नेताना आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी जड जातात. खसखस ही दुबई आणि सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात येते. अनारसे, खसखशीचा मसाला असलं काहीही तिकडं नेऊ नये, मग ते किती का थोडं असेना. दुसरी गोष्ट सुकं खोबरं. ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं, त्यामुळे विमान कंपन्या ते घेत नाहीत. निघताना भरलेल्या ओटीतला नारळ घरीच ठेवावा. सिंगापूरमध्ये गुटखा आणि खायची तंबाखू नेणंही गुन्हा आहे, तंबाखूची पुडी खिशात राहिली का ते बघावं. तूप, लोणचं हातातल्या बॅगेत द्रव समजतात आणि काढून घेतात, ते मोठ्या बॅगेत टाकावं. पॉवर बँक मात्र उलट, हातातल्याच बॅगेत.

अंगावरचं सोनंही कमीत कमी असावं. जास्त नेत असाल तर जाताना कस्टम्सकडून निर्यात दाखला घ्यावा, नाहीतर परत येताना ते तिथंच घेतलं का, हे सांगत बसावं लागतं.

टूरबरोबर की आपापलं?

केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये आणि वीणा पाटलांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या कंपन्यांनी मराठी माणसाला परदेशात मराठी बोलत फिरवलं. इंग्रजीची भीती, रस्ता चुकण्याची भीती आणि जेवणाची चिंता, या तिन्ही गोष्टींचे पैसे टूरमध्ये भरलेले असतात, आणि काही जोडप्यांना ते द्यावेसे वाटणं अगदी रास्त आहे. फक्त जाहिरातीतला आकडा अंतिम समजू नये. त्यावर जीएसटी आणि टीसीएस चढतो, आणि बऱ्याचदा व्हिसा, टिप, काही जेवणं वेगळी असतात. टीसीएस म्हणजे आधीच कापलेला आयकर, तो विवरणपत्र भरून वळता करता किंवा परत मागता येतो. लहान शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत आणि ही रक्कम सोडून देतात. एजंटकडून 'आणखी काय काय द्यावं लागेल' याची यादी लेखी घ्यावी आणि ती वर मांडलेल्या हिशेबाशेजारी ठेवून बघावी.

दोघांत एकाला मोबाईलचा नकाशा वाचता येत असेल आणि दुसऱ्याला अनोळखी माणसाला विचारायची लाज वाटत नसेल, तर थायलंड-मलेशियासारख्या रुळलेल्या ठिकाणी आपापलं जाणं अवघड नाही. पहिलं काम बहुधा नवरा करतो आणि दुसरं बायको, हे एसटी स्टँडवर कधीही दिसेल. म्हणून नियोजनही एकट्यानं करू नये. खोलीचा पत्ता, परतीच्या विमानाची वेळ, विम्याचा नंबर आणि पासपोर्टची झेरॉक्स दोघांकडे वेगवेगळी असावी, आणि पैसेही दोघांत वाटलेले असावेत. एकाचा फोन बंद पडला किंवा बाजारात चुकामूक झाली, तर दुसरं खोलीवर पोहोचू शकलं पाहिजे.

देश कुठला हे अजून ठरलेलं नसलं तरी चालेल. १ जूनचा आणि माहेरच्या नावाचा घोळ मिटला आणि दुधाच्या पगारातले हजार-हजारचे पहिले तीन हप्ते जमले, की दोघांचे पासपोर्ट निघतात. बाकीची रक्कम जमेपर्यंत पासपोर्टच्या दहा वर्षांतली दोन-तीन जातील, तरी सात उरतात.  मग एखाद्या जूनमध्ये भाडं उतरलं आणि गोठा बघायला मेहुणा मोकळा निघाला, तर त्याच आठवड्यात तिकीट काढता येईल.